फोडणीपुरतं तेल

आमच्या घरात तेल ओतत नसत, तेल 'दाखवत'. तव्याला तेल दाखवायचं, कढईला तेल दाखवायचं. आई एका वाटीत चिंधीचा बोळा ठेवायची. तो तेलात भिजलेला असायचा. धपाटं टाकायच्या आधी तो बोळा तव्यावरनं एकदा फिरला की झालं. वरनं तेल सोडायचं असतं हे मला नोकरीला लागून खानावळीत जेवायला लागल्यावर कळलं. तिथं पोळीवर तेलाची धार सोडणारा आचारी पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या मनात आलं, थोरल्या आईनं हे बघितलं असतं तर ह्या माणसाचं काही खरं नव्हतं.

थोरली आई म्हणजे माझी चुलती. घर एकत्र होतं तोवर स्वयंपाकघराचा कारभार तिच्या हातात. बार्शीकडचं आमचं गाव, माळवदाचं घर, खाणारी तोंडं चौदा. एवढ्या माणसांच्या आमटीला फोडणी एकच पळी. ती लोखंडी पळी अजून माझ्याजवळ आहे. आतल्या बाजूनं तिला एक काळी रेघ आहे, वर्षानुवर्षं तेल त्याच उंचीला थांबल्यामुळं पडलेली. त्या रेघेच्या वर तेल गेलेलं कुणी पाहिलं नाही. दिवाळीत आणि पाव्हणे आल्यावर तळण व्हायचं, तेवढे दिवस सोडले तर वर्षभराचा संसार त्या रेघेखाली चालला.

तेल आमच्या रानातलंच. करडीचं. आमच्या भागात रब्बीची ज्वारी पेरताना मध्ये मध्ये करडीचे पट्टे टाकायची रीत होती. बांधाकडेनं तर करडी पाहिजेच. तिला इतके काटे की ढोरं तोंड घालत नाहीत. पीकही झालं आणि कुंपणही झालं. कोवळी असते तोवर तिची भाजी करायची, लसणावर परतून. मग ती काटे धरते, पिवळी फुलं येतात, ती सुकताना शेंदरी होत जातात. काढणी आली की मात्र घरातल्या सगळ्यांच्या पोटात गोळा यायचा. भल्या पहाटे, अंधारातच रानात जायचं, कारण दव असतं तोवर काटे जरा नरम असतात. हाताला फडकी, पायाला पोत्याचे तुकडे गुंडाळायचे. ऊन वर आलं की काम बंद. तरी रात्री चिमणीच्या उजेडात आई अण्णांच्या तळहातातले काटे सुईनं काढत बसायची. एक पळी तेलात किती काटे असतात हे त्या घरात कुणाला सांगावं लागत नव्हतं. म्हणून थोरल्या आईची चिक्कूगिरी मला आज चिक्कूगिरी वाटत नाही.

करडी बडवून, उफणून पोत्यात भरली की बैलगाडीतनं घाण्यावर जायची. मी अण्णांच्या बरोबर हट्टानं जायचो. लाकडी घाणा, त्यात फिरणारी लाट, डोळ्याला झापड बांधलेला बैल आणि कुईकुई असा एकसुरी आवाज. घाणेकरी मामा मधनंच कोमट पाण्याचा हबका मारायचे. पाणी कशाला, तेलात तर पाणी चालत नाही, असं मी विचारलं तर ते हसून म्हणाले, "पेंड आळली पायजे, तवा तेल सुटतंय." साधारण चार किलो करडीला एक-सव्वा किलो तेल पडायचं. बाकीची पेंड म्हशीला. ताजं तेल गढूळ असायचं, डब्यात आठ दिवस ठेवलं की गाळ खाली बसायचा. मग वरचं निवळ तेल बुधलीत काढायचं. तो गाळ सुद्धा वाया जायचा नाही. तो दिव्यात आणि वहाणांना.

आणि ह्या तेलाचा जोडीदार म्हणजे आमचा कढीलिंब.

आता सगळे कढीपत्ता म्हणतात. आमच्या आज्जीच्या तोंडात कढीलिंब होता, म्हणून मी कढीलिंबच म्हणतो. आज्जीनं तो तिच्या माहेरनं आणलेला. न्हाणीच्या पाण्याची मोरी जिथं बाहेर पडायची, तिथं लावलेला. त्याला वेगळं पाणी कधी कुणी घातलं नाही. चौदा माणसांच्या आंघोळीवर तो वाढला आणि माळवदाच्या वर गेला. आज्जीचे त्याच्याबद्दल नियम होते. दिवेलागणीनंतर पाला तोडायचा नाही. शेंड्याचा तोडायचा नाही. विटाळशीची सावली पडू द्यायची नाही, हा तिचा नियम मात्र माझ्या आईनं पुढं सरळ मोडीत काढला. झाडाला काही झालं नाही.

पाला तोडून आणला की धुवायचा आणि फडक्यात कोरडा टिपायचा. हे मला आईनं चुलीजवळ बसवून शिकवलं. ओला पाला तेलात पडला की तेल अंगावर येतं. तेल तापलं की आधी मोहरी. ती पूर्ण तडतडू द्यायची. अर्धवट तडतडलेली मोहरी कडू लागते. मग जिरं, ते पटकन लाल होतं. मग हिंग, आणि लगेच कढीलिंब. पान तेलात पडलं की 'चर्र' असा आवाज होतो. पानातलं पाणी त्या एका क्षणात उडतं आणि पानातला वास तेलात उतरतो. तेल फार तापलं असलं तर पान काळं पडतं आणि वास जळून जातो. कमी तापलं असलं तर पान नुसतं मऊ होतं, वास सोडतच नाही. आईकडं थर्मामीटर नव्हता. ती म्हणायची, "आवाज ऐक. मोहरी बोलायची थांबली की पाला टाकायचा." आणि लगेच हळद टाकून पळी आमटीत बुडवायची, वर झाकण. झाकणाखाली वास कोंडला की एक पळी तेल चौदा माणसांना पुरायचं. थोड्या तेलात चव आणायची तर ती पाल्यानंच आणायची, हे त्यातलं खरं गणित होतं. तेल विकत किंवा काट्यांच्या मोलानं मिळायचं. पाला फुकट होता.

1972 साली पाऊस गेला. मी नऊ वर्षांचा होतो. त्या वर्षाबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे, मी त्यात वेगळी भर घालणार नाही. विहीर आटली, करडी पेरायला ओलच नव्हती, बैल विकले. घरातली धडधाकट माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. आम्हा पोरांना सुकडी मिळायची. रेशनवर मिलो नावाची तांबडी ज्वारी यायची, परदेशातली. तिची भाकरी थापताना फाटायची आणि गार झाली की गळ्याखाली उतरायची नाही. घरात जुन्या तेलाची एक बुधली उरली होती. थोरल्या आईनं ती उतरंडीच्या मागं ठेवली होती आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी फोडणी व्हायची. कढीलिंबाची पानं बारीक आणि पिवळट झाली होती. आज्जी जेवून हात धुवायची ती सुद्धा त्याच्या बुडाशी जाऊन.

एक दिवस दुपारी घरात मी, माझा चुलतभाऊ आणि आज्जी एवढेच होतो. आज्जी सोप्यात झोपलेली. तिला डोळ्यांनी कमी दिसायचं. टोपल्यात मिलोची शिळी भाकरी होती. मला आईच्या हातचा कुस्करा आठवला. शिळी भाकरी चुरायची, कांदा, मिरची, कढीलिंब घालून फोडणी द्यायची. मी चुलतभावाला म्हटलं, "कुस्करा करू." तो माझ्यापेक्षा वर्षानं लहान. त्यानं झाडावर चढून चार पानं आणली, राखेतला विस्तू फुंकला. मी उतरंडीमागनं बुधली काढली. ती बाहेरनं तेलकट होती. माझ्या हातातनं ती निसटली.

फुटली नाही. पण आडवी झाली आणि बुच निघालं. मी उचलेपर्यंत पावशेरभर तेल भुईवर गेलं होतं. शेणानं सारवलेली भुई. ती तेल पीत होती आणि आम्ही दोघं बघत होतो. मी हातानं तेल गोळा करायला बघितलं, बोटं फक्त चिकट झाली. मग आम्ही चुलीतली राख आणून त्यावर टाकली, घासली, झाडली. वर पोतं टाकलं. बुधली होती तिथं ठेवली. कुस्करा राहिला. चुलतभावाच्या मुठीत ती चार पानं तशीच होती. त्यानं ती खाऊन टाकली.

संध्याकाळी थोरल्या आईनं बुधली हलवून बघितली.

मला वाटत होतं मार बसेल. तसं झालं नाही. पोरांवर तिचा संशयच गेला नाही. पोरं तेल पीत नाहीत. सकाळी सगळ्यात शेवटी घरातनं बाहेर पडलेली बाई माझी आई होती. आणि चार दिवसांपूर्वी माझा मामा येऊन गेला होता. थोरली आई आवाज न चढवता म्हणाली, "माहेरी धाडायचंच हुतं तर सांगून धाडायचं. म्या काय न्हाई म्हणलं असतं?"

आई म्हणाली, "अक्का, तुमच्या पायाची शपथ, म्या न्हाई हात लावला."

"मग भुईनं पिलं आसंल."

भुईनंच पिलं होतं. मी चुलीसमोर बसून होतो. चुलतभाऊ माझ्याकडं बघत होता. मी बोललो नाही, म्हणून तोही बोलला नाही. त्या रात्री आई जेवली नाही. दुष्काळात माणूस जेवला नाही तर कुणी आग्रह करत नव्हतं. तेवढंच दुसऱ्याला.

वेगळं होण्याचं खरं कारण विहिरीचं पाणी. तात्या आणि अण्णा, दोघा भावांत पाण्याच्या पाळीवरनं आधीपासनं कुरबुर होती. पण तोंडी कारण तेलाचं झालं. जे भांडण व्हायचं ते फिरून तेलावर यायचं. 'तेल चोरणारीच्या हातचं' असा शब्द एकदा निघाला आणि मग अण्णांनी चूल वेगळी मांडली. 1974 साली वाटणी झाली. वाड्याच्या मधोमध दगड आणि पांढरीच्या मातीची भिंत उभी राहिली. न्हाणी त्यांच्या वाट्याला गेली. न्हाणीबरोबर कढीलिंब गेला. आज्जी एक महिना इकडं, एक महिना तिकडं.

लोखंडी पळी आमच्याकडं आली. पण पाला नव्हता. गावात इतर घरी कढीलिंब होता, आई कुणाकडं मागायला गेली नाही. मागितलं तर विचारणार, तुमच्याच घरात एवढं झाड आहे की. म्हणून आमच्या आमटीत नुसती मोहरी आणि हिंग. संध्याकाळी भिंतीपलीकडं चर्र असा आवाज व्हायचा आणि वास इकडं यायचा. आज्जीचा महिना आमच्याकडं असला की ती पहिला घास घेऊन थांबायची, काही बोलायची नाही आणि मग जेवायची. अण्णा ताटावरनं लवकर उठायचे. मला प्रत्येक घासाला ती बुधली दिसायची.

तीन वर्षं अशी गेली. मग एका पावसाळ्यात भिंतीच्या अलीकडं, आमच्या बाजूला, दगडांच्या सांदीतनं एक काडी वर आली. लालसर देठ, तीन-चार जोड पानं. आईनं एक पान चुरगाळून वास घेतला. कढीलिंबाच्या मुळ्यांना लांबवर असे फुटवे फुटतात, हे मला नंतर समजलं. भिंत वीतभर पायावर उभी होती, मुळ्या तिच्या खालनं आल्या होत्या. अण्णा म्हणाले, "उपटून टाक. उद्या म्हणतील झाडबी चोरलं."

आई म्हणाली, "आलंय ते आपल्या पायानं आलंय."

एवढंच. अण्णांनी पुन्हा विषय काढला नाही. आईनं त्याच्याभोवती चार दगड लावले. आठवड्यातनं एकदा आंबट ताकाचं पाणी त्याच्या बुडाशी जायचं. ताक घातलं की पाला गर्द होतो, असं बायका म्हणतात. दोन वर्षं तिनं त्याचं एक पानही तोडलं नाही. तिसऱ्या दिवाळीला पहिला पाला तोडला, चिवड्यासाठी.

दिवाळीचं तळण हा त्या काळी भिंतीच्या दोन्ही बाजूंचा सारखाच सोहळा होता. तळणाला क्रम असायचा आणि तो क्रम थोरल्या आईनंच माझ्या आईला शिकवलेला. आधी करंज्या, शंकरपाळ्या, म्हणजे तेल स्वच्छ असतं तोवर गोड. मग कडबोळी, चकली. मग शेव. तिखटाचं सगळ्यात शेवटी, कारण तिखट आणि मसाला तेलात उतरला की त्यात गोड तळता येत नाही. कढईत पिठाची चिमूट टाकायची. ती तळाशी बसली तर तेल कच्चं, टाकल्याबरोबर वर येऊन लाल झाली तर जास्त तापलं, खाली जाऊन हळूच वर आली की घाणा सोडायचा. उरलेलं तळणीचं तेल गाळून फोडणीला, ते आठ-पंधरा दिवसांत संपवायचं. चिवड्याला कढीलिंब चांगला कुरकुरीत तळावा लागतो. पानात ओल राहिली तर चिवडा मऊ पडतो. आईनं त्या दिवशी पानं तळून ताटलीत काढली आणि माझ्या हातावर एक ठेवलं. जिभेवर त्याचा चुरा झाला. मला त्याच वेळी सांगायचं होतं. मी सोळा वर्षांचा होतो. पान गिळलं आणि रानात निघून गेलो.

पुढं मी शिकायला आणि मग नोकरीला पुण्याला आलो. गावाकडं एकेक गोष्ट बदलत गेली. रेशनवर पामतेल आलं. थंडीत ते डब्यात आळायचं, डबा चुलीजवळ ठेवून पातळ करावं लागायचं. आमच्या करडीच्या तेलाला थंडी कधी बाधली नव्हती, म्हणून आई पामतेलाला 'झोपाळू तेल' म्हणायची. घाणेकरी मामांचा बैल गेला, मग मामा गेले, घाण्याचं लाकूड अंगणात पडून राहिलं. करडीचे पट्टे कमी होत गेले. काट्यात हात घालायला मजूर मिळेनात, मावा पडला की पीक काळं पडायचं, भावही हाती लागेना. सोलापूरच्या संशोधन केंद्रानं 'भीमा' वाण आणला, फलटणच्या निंबकर संस्थेनं बिनकाट्याची करडी काढली. अण्णांनी ती बिनकाट्याची बघितली तेव्हा झाडावरनं हात फिरवत बराच वेळ उभे राहिले. पण तोवर आमच्या शिवारात खरिपात सोयाबीन आणि मागनं हरभरा असं गणित बसलं होतं. पिशवीतलं पातळ, बिनवासाचं तेल सगळ्यांच्या घरी आलं.

1994 की 95 साल असेल. तात्या गेले होते, अण्णाही गेले होते. चुलतभावानं त्यांच्या बाजूला स्लॅबचं घर बांधायला काढलं. न्हाणी पाडली. झाड पायात येत होतं, ते तोडलं. मी सुट्टीला गावी होतो. तोडताना आवाज येत होता. आई सोप्यात शेंगा फोडत बसली होती, ती उठून आत गेली.

दीडेक महिन्यानं आईनं मला पुण्याला पत्र पाठवलं, शेजारच्या पोराकडनं लिहून घेतलेलं. त्यात पिकापाण्याचं झाल्यावर एक ओळ होती: थोरल्या आई आल्या होत्या, पाला न्यायला.

सगळं मला नंतर तिनं सांगितलं. वीस वर्षांत थोरली आई आमचा उंबरा चढली नव्हती. अण्णांच्या मयतीला सुद्धा ती अंगणातच बसली होती. त्या दिवशी दुपारी ती दारात येऊन उभी राहिली. हातात वाटी नाही, पिशवी नाही. म्हणाली, "कढी केलीया. पाला न्हाई."

आई म्हणाली, "या की आत."

"न्हाई, कढी उतू जाईल."

आईनं डहाळी तोडून दिली. देताना म्हणाली, "अक्का, रोज न्या. तुमचंच हाय." थोरली आई डहाळी पदराखाली घेऊन गेली. आई सांगत होती, "मला वाटलं हुतं, काय तरी बोलतील. तेलाचं बोलतील." ती बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी वाटीभर कढी घेऊन आली आणि त्या दिवशी आत येऊन बसली. पुढं त्या दोघी म्हाताऱ्या रोज दुपारी आमच्या सोप्यात असायच्या. जुन्या गोष्टी निघायच्या, वाटणी निघायची नाही. आईनं एक फुटवा मुळासकट काढून स्लॅबच्या घरामागं लावायला दिला. तो लागला.

थोरली आई 2003 मध्ये गेली. मी तिला काही सांगितलं नाही. सांगायला पुष्कळ वेळा मिळाल्या होत्या.

शेवटची चार वर्षं आई माझ्याकडं पुण्यात होती. इथं भाजीवाली कोथिंबिरीबरोबर कढीपत्त्याच्या दोन काड्या फुकट टाकते, त्याचं आईला फार अप्रूप होतं. पण फ्रिजमधला पाला तेलात टाकल्यावर ती मान हलवायची. "आवाज करतंय, पर वास न्हाई." एकदा रात्री आम्ही दोघंच होतो. तिनं पळी धुऊन पालथी घातली होती. मी तिला एकदाचं सांगितलं. उतरंड, बुधली, राख, पोतं, सगळं. पन्नाशी ओलांडलेला माणूस मी, पण सांगताना माझा आवाज नीट लागत नव्हता.

आई ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मला ठावं हाय. सारवताना कळलं. तेल पडल्याल्या जागी शेणकाला धरत न्हाई. दोनदा सारवलं, दोनदा उडालं. मग पाटा उचलून त्या जागी ठिवला."

मला आठवलं. वेगळे होईपर्यंत पाटा-वरवंटा उतरंडीजवळ होता. स्वयंपाकघरात अडचण व्हायची, थोरली आई कुरकुरायची, पण आईनं तो तिथनं हलवू दिला नव्हता.

"मग सांगितलं का नाहीस? एवढी बोलणी खाल्लीस."

"तुजं नाव सांगितलं असतं तर त्या दिवशी तुला मार बसला असता, आनि दुसऱ्या दिवशी दुसरं काय तरी निघालं असतं. तेल सांडलं नसतं तर मीठ सांडलं असतं. घर फुटायचं ते फुटतंय." मग जरा थांबून म्हणाली, "पर अक्कांना सांगायला पायजे हुतं. ते तुजं चुकलं. आनि माजंबी."

त्यावर मला आजही उत्तर सुचलेलं नाही. तिनं मला माफ केलं, असं मी म्हणू शकत नाही. तिच्या लेखी माफ करण्यासारखं काही नव्हतंच. ज्या बाईनं तीस वर्षं मनात 'माहेरी धाडलं' एवढा सल ठेवला, ती निघून गेली होती, आणि आम्हा दोघांना खरं माहीत होतं. चुलतभावाला धरून तिघांना.

चुलतभावाशी माझं चांगलं आहे. त्या दुपारबद्दल आम्ही कधी बोललो नाही. शाळेला आम्ही भिंतीच्या दोन बाजूंनी निघायचो आणि वेशीजवळ एकत्र व्हायचो. त्यानं त्याच्या आईला सांगितलं असतं तर माझ्या आईवरचा आळ त्याच दिवशी गेला असता, हे खरं. पण आठ वर्षांच्या पोरानं माझ्याकडं बघितलं होतं आणि मी गप्प होतो. म्हणून तो जन्मभर गप्प राहिला. ह्याचा हिशेब मी त्याच्या नावावर मांडत नाही.

आता शहरात लाकडी घाण्याच्या तेलाची चलती आहे. तालुक्याला मोटारीवर फिरणारे लाकडी घाणे बसले आहेत. मागच्या रब्बीत चुलतभावानं हौसेनं दोन एकर करडी केली, मशीननं काढली, पहाटेचे काटे नाहीत. घाण्यावर तेल काढून पाच लिटरचा कॅन त्यानं एसटीतनं पाठवला. वर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या कढीलिंबाच्या डहाळ्या होत्या, त्याच्या घरामागच्या झाडाच्या. मी स्वारगेटला जाऊन ते सामान घेतलं.

घरी येऊन मी पळी काढली. रेघेपर्यंत तेल ओतलं. वास उठला तसा स्वयंपाकघराचा दरवाजा लावून घेतला, कारण आमच्या सूनबाईंना तो उग्र वाटतो. मोहरी टाकली, तिचं बोलणं थांबायची वाट बघितली, पाला टाकला. शिळी भाकरी नव्हती, कालची पोळी होती, तिचाच कुस्करा केला. बरा झाला होता.

मग तेल पोचल्याचं सांगायला त्याला फोन लावला. पाऊस, हरभरा, त्याच्या गुडघ्याचं दुखणं, असं सगळं बोलून झालं. फोन ठेवताना तो म्हणाला, "झाकण घट्ट लावून ठेव बरं का. तुझा हात जरा सैल हाय."

मी 'बरं' म्हटलं. फोन ठेवला आणि उठून झाकण बघून आलो.